मीटरची खोली

बँक माझ्याकडून दोन आकडे मागते.
एक, निवांत विकलं तर.
दुसरा, घाईत विकावं लागलं तर.
दोघांच्या मधे जी जागा उरते
तिच्यात मी गेली सहा वर्षं राहतोय.

आज वाघोली. केसनंद फाट्यावरून आत, सी विंग,
सातशे चार. तिसऱ्यांदा.
पहिल्यांदा आलो तेव्हा भिंतींना ओल्या पुट्टीचा वास होता,
खळदकर बाईंनी पेढा हातावर ठेवला,
मी लेसर लावून हॉल मोजत होतो
आणि त्या विचारत होत्या, इथे तीन माणसांचा सोफा बसेल ना?
दुसऱ्यांदा आलो तेव्हा सोफा बसला होता,
हप्ते बसत नव्हते.
त्या वेळचा दुसरा आकडा मी त्यांच्यासमोर लिहिला नाही.
खाली येऊन, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून लिहिला.

आज त्या विचारतात, आता उठेल का हो मार्केट?
जणू आतल्या खोलीत कुणी आजारी आहे
आणि मी नाडी बघून बाहेर आलोय.
बघू, म्हणालो.
या शब्दाची मी फी लावत नाही.

खुणा आहेत तशा.
पूर्वी अल्ताफ मणियार पहिल्या रिंगला फोन उचलायचा,
साहेब, पार्टी आणा, रेटचं आपण बसून बघू.
आता पाचवी रिंग जाते
आणि मागे कुणाशी तरी तो चढ्या आवाजात बोलत असतो.
होर्डिंगवर आधी किचन फुकट होतं,
मग मुद्रांक शुल्क, मग सोन्याचं नाणं.
आता फुकट काही नाही.
फक्त "मोजकेच फ्लॅट शिल्लक",
पण ते तर तीन वर्षं शिल्लकच आहेत.

टेम्पोंवर मी विश्वास ठेवत नाही.
एका दसऱ्याला याच गेटवर ओळीनं चार पाहिले,
कपाटं, दुमडलेल्या गाद्या, उलटी बांधलेली सायकल,
आणि रिपोर्टात लिहून मोकळा झालो: सुधारणा दिसते.
ते सोडून जाणारे होते.
भरलेला टेम्पो येणारा की जाणारा
हे दोरखंडावरून कळत नाही.

म्हणून मी मीटरच्या खोलीत जातो.
अठ्ठ्याऐंशी मीटर, चार रांगा, जळमटं.
ज्या घरात कुणी राहतं
त्याचा लाल ठिपका उघडमीट करतो,
फ्रिज लागला की भरभर, दुपारी झोपेत हळू.
रिकाम्या घराचा नुसता बघत राहतो.
मागच्या पाडव्याला एकतीस. दिवाळीला चव्वेचाळीस.
आज त्रेपन्न.

"अकराशे दोन धरू नका," बिराजदार म्हणाला,
कानटोपी काढून, जणू कबुलीच देतोय,
"मालक दुबईला. चोर येऊ नये म्हणून
मीच एक बल्ब लावून ठेवलाय."
बावन्न.
"आणि सहाशे एक भाड्यानं. पोरं आहेत, कॉलेजची."
ते धरायचे की नाही,
हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.
भूक लागली की तीही मध्यरात्री मॅगी करतच असणार.
धरले.

नऊशे तीन कधीच हललेला नाही.
बिल्डरच्याच नावावर, किल्ली ऑफिसात.
निघता निघता त्याच्यापुढे थांबलो,
का कोण जाणे,
आणि तो एकदा मिटला.
मग बराच वेळ काही नाही.
मी घड्याळ बघत उभा.
बिराजदार मला बघत उभा.
मग परत, एकदा.

कुणी नळाला पाणी येतं का बघायला आलं असेल.
रंगारी असेल, मोबाईल चार्जिंगला लावून बसलेला.
वायरिंगमधली गळतीही असू शकते,
तीही मीटरला माणसासारखीच दिसते.

स्कूटरच्या सीटवर कागद ठेवला.
पहिल्या आकड्याला हात लावला नाही.
दुसऱ्यात साठ हजार वाढवले.
कारण लिहायला
त्या फॉर्मात रकाना नाही.