अर्ज क्रमांक ४११७

मार्चमध्ये योएन्सूच्या ऑफिसात माझ्याकडे काम आलं:
वृक्षतोडीच्या अर्जांसाठी एक प्लगिन.
अर्ज सर्व्हरवर येतो, एका हातातून दुसऱ्या हातात जातो,
नकाशा, मोजणी, रानमालकाची सही,
आणि मध्येच एक पायरी,
जी त्या विकत घेतलेल्या सर्व्हरला ठाऊकच नव्हती:
घरट्यात पिल्लं आहेत का?

घरटं मासेमार घारीचं. पाइनच्या पार शेंड्यावर
काटक्यांचा हा एवढा भारा.
ते झाड कुणी तोडणार नव्हतंच.
प्रश्न भोवतीच्या झाडांचा होता,
आणि करवतीच्या आवाजाचा.

मला जावा येत होती, घारी येत नव्हत्या.
लिहिलं सरळ, बाळबोध:
पाहा. पिल्लं असतील तर झोप.
तासाभरानं ऊठ. पुन्हा पाहा.
चाचणीत चाललं. चाचणीत अर्ज एकच होता.
जार फाइल फोल्डरात टाकली, सर्व्हर पुन्हा सुरू केला,
आणि जूनच्या लांब सुट्टीला तळ्याकाठी गेले.

सोमवारी सगळं थिजलेलं.
सर्व्हरकडे थ्रेड वीस.
वीस अर्ज वीस घरट्यांखाली जाऊन बसलेले,
प्रत्येकानं एकेक थ्रेड मांडीखाली दाबलेला.
मागे रांग: डिझेलची बिलं, रजा,
कुणाचे तरी नवे बूट,
आणि इल्पोचा पगार.
लॉगमध्ये एकही चूक नाही.
एक्सेप्शन आलं असतं तर निदान ओरडलं असतं;
इथे सगळे आज्ञाधारक, गाढ झोपेत.

इल्पोनं हार्वेस्टरच्या केबिनमधून फोन केला.
तो रागावत नाही, म्हणून जास्त लागतं.
"पक्ष्यांचं कळलं," म्हणाला,
"माझा पगार कुठल्या झाडावर आहे?"

तेल्लेर्वोची निवृत्ती दोन महिन्यांवर.
चष्मा कपाळावर सारून तिनं माझा कोड वाचला,
स्क्रीनवर बोट टेकलं,
नेमकं 'झोप' लिहिलं होतं तिथे.
"वाट पाहतेयस ठीक आहे, पण दारात उभी राहून?
वाट पाहणाऱ्यानं
वाट अडवू नये."

दुपारभर खोडलं.
आता माझं प्लगिन येतं,
अर्जाचा क्रमांक, कुठवर आलो ती पायरी,
डेटाबेसच्या एका ओळीत टिपून ठेवतं,
सर्व्हरला म्हणतं, अजून नाही,
आणि निघून जातं.
थ्रेड मोकळा. मेमरीत मागमूस नाही.
वाट आता कुणीच पाहत नाही;
ती नुसती लिहून ठेवलेली आहे.

आउलिक्की दुर्बीण घेऊन रानात हिंडते,
फोनवर खूण करते: रिकामं.
तेवढ्यानं अर्ज जागा होतो,
सोडला होता तिथूनच चालू लागतो,
डोळेही न चोळता.

ऑगस्टअखेर एकोणीस सुटले.
४११७ राहिला.
पिल्लू उशिराचं. आउलिक्कीनं शेऱ्यात लिहिलं:
पंख आहेत, हिंमत नाही.
मॅनेजर दोनदा येऊन गेला, दोन्हीदा कॉफी घेऊन.
कॉन्फिगरेशनमध्ये एक सोय आहे, मीच ठेवलेली,
नाव 'सक्ती', उत्तर हो किंवा नाही.
त्याला ती माहीत नाही.
मी रात्री फाइल उघडून बघते.
नाही.
बंद करते.

सप्टेंबरची चौदा, सकाळी सहा चाळीस.
लॉगमध्ये एक नवी ओळ:
४११७, पुढे.

मी एकटीच होते ऑफिसात, तरी टाळी वाजवली.
कॉफी ओतून घेतली.
मग फोन. इल्पो.
मागे इंजिन गरम होत असल्याचा आवाज.
"मिळाली परवानगी," म्हणाला, "निघालोय तिकडे.
तासाभरात पहिलं झाड खाली."