सापडली नाही

पहाटेचे साडेचार. क्लाक्स्वीकच्या मासळीशेडमध्ये
काट्यावर कॉड पडलाय, हाताएवढा लांब,
आणि पडद्यावर शून्य.

प्रोग्रॅम म्हणतो : लायब्ररी सापडली नाही.
मी म्हणते : अरे, ही काय, इथेच.
फोल्डर उघडून दाखवते,
दुकानदारापुढे नोट उजेडात धरावी तशी.
नाव तेच. अक्षर न् अक्षर तेच.
सापडली नाही.

हानुस फावड्याने बर्फ ओढतोय. किती वेळ?
दहा मिनिटं, म्हणते मी.
तो हातमोजे काढतो. पुन्हा घालतो.
धक्क्याला तीन होड्या, इंजिनं चालू.

मग माणूस करतो ते सगळं मी करते.
एक्लिप्स बंद करते, उघडते.
पाथ लिहिते. शेवटी तिरकी रेघ देऊन लिहिते.
रेघ काढून लिहिते.
जार फाइल काढते, घालते, यादीत वर सरकवते,
रांगेत आई पोराला पुढे ढकलते तशी.
काखेत कळसा असून गावभर फिरणाऱ्याला
हसणं सोपं आहे.
पण कळसाच जर म्हणाला, मी काखेत नाही?

पाच वाजता एइब्योर्नला फोन.
हे सगळं त्याचं, पंधरा वर्षांपूर्वीचं.
आता तो टोरस्हाव्नला लेकीकडे असतो.
पहिल्या घंटेला उचलतो. हॅलो नाही, काही नाही :
नवा कॉम्प्युटर घेतलात का?
शुक्रवारी.
पलीकडे किटली शिट्टी देते, तो ती उतरवतो,
सावकाश, मला ऐकू येईल इतकं सावकाश.
मग म्हणतो, रान्वा, ते वाक्य जावाचं नाही.
माझं आहे.
काहीही बिघडलं तरी हेच दाखव, असं लिहिलं होतं मी.
मासे तोलणाऱ्यांना कशाला बाकीचं, असं वाटलं.

त्याच्या चार ओळी मी पुसते.
खालून खरी चूक वर येते, लांबलचक, ओबडधोबड :
लायब्ररी बत्तीस बिटची, जावा चौसष्टची.
म्हणजे सापडली होती. पहिल्या सेकंदालाच.
जमत नव्हतं, एवढंच.

टेबलाखाली जुना डबा अजून आहे,
वर कुणाचे तरी बूट वाळत घातलेले.
त्यातली जुनी जावा उचलून आणते.
प्रोग्रॅमला सांगते, हिच्याशी बोल.

अकरा किलो चारशे साठ.
हानुस काही बोलत नाही, पुढचा मासा ठेवतो.
कॉडला काय, त्याचं वजन
रात्रभर त्याच्याजवळच होतं.

पुसलेल्या जागी काय लिहावं, ते मला सुचत नाही.
कर्सर तिथेच लुकलुकतोय.
फोन कानाला तसाच. एइब्योर्न ठेवत नाही.
म्हणतो, ती पुढची होडी डान्यालची ना?
एक सिलिंडर चुकतोय तिचा. सांग त्याला.
मी दार उघडते
आणि फोन धक्क्याकडे धरते.