उलटा एन

देवळालीच्या चर्चमध्ये, डाव्या भिंतीवर
उमरावसाहेबाचं नाव. खाली पदव्या, चार ओळी भरून.
तो स्वतः बाहेर, निलगिरीखाली,
काळ्या दगडाच्या चौथऱ्यात;
दुपारी पोस्टमन त्याला सायकल टेकवतो.

दर शनिवारी मी संगमरवर पुसते.
ओलं फडकं, मग कोरडं, मग नुसता हात.
वरचा पितळी मुकुट सैल आहे.
शांतवनमामा, माझे सासरे, म्हणायचे,
"जपून गं, पडला तर आपल्या पगारातून."

विलायतेहून फुलांसाठी मनिऑर्डर यायची म्हणे.
ती थांबली.
कुंपणाकडची शेवंती येतेच, तिला कुणी कळवलं नाही.

परवा फडकं अडकलं.
तिसऱ्या ओळीत एक एन उलटा,
आरशात बघितल्यासारखा.
इतके पाद्री, इतके कर्नल उभे राहून गेले इथे,
टोप्या काढून.

कोरणारा भगूरकडचा कुणी पाथरवट असेल.
अक्षरं त्याला येत नव्हती, छिन्नी येत होती.
कागद मांडीवर घेऊन
वेल उतरवावी तसं नाव उतरवलं त्याने.
दारणेवरून वारा आला असेल,
कागद फडफडून पालथा पडला असेल,
नाहीतर पोरगी भाकरी घेऊन आली असेल
आणि हा तिच्याकडे बघून हसला असेल,
तेवढ्यात.

नवे पाद्री म्हणाले, सलोमीबाई,
पाटी जुनी झाली, बदलू या का? ग्रॅनाइट स्वस्त मिळतो.
मी म्हटलं, मुकुट तेवढा घट्ट करून घ्या.
पाटीला काही झालेलं नाही.