नाकवाली

साखर कारखान्याच्या भंगारातनं घेतली. लोखंडाच्या भावात, किलोवर.
एकेचाळीस हंगाम ऊस ओढलेला,
पुढं लांब नाक, दिवे खोल गेलेले,
डावं दार तारेनं बांधलेलं.
चिखलीत अंगणात उतरवून क्रेनवाला म्हणाला,
"काका, हिला झाकणार कुठं?"
गोठा रिकामाच होता.

बत्तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत पॅटर्न केले मी.
आधी लाकडात वस्तू,
मग वाळूत तिची पोकळी,
मग त्या पोकळीत तापलं लोखंड.
त्यामुळं इंजिन मला आतनं कळतं,
त्यातल्या रिकाम्या जागा मी ओळखतो.
बाकीचं दस्तगीर मुजावर जाणतो.
रविवारी येतो, बशीतनं चहा पितो,
पैशाचं नाव काढलं की कानाला हात लावतो.

पिस्टन धरलेले. सहाच्या सहा.
"घाई न्हाई. डिझेल वत, राकेल वत, आन् गप बस."
बसलो वीस दिवस.
रोज सकाळी पान्यावर नळी चढवायची,
तिच्यावर अंग टाकायचं, एवढंच काम.
एकविसाव्या दिवशी हललं.
झोपेत कूस बदलावी, एवढंसं.
मी कुणाला सांगितलं नाही, दुपारपर्यंत.

खरवडताना निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली तांबडा,
तांबड्याखाली बोनेटवर: चि. शकुंतला.
कुणाची, काय माहीत. आता साठीची असेल.
तेवढा तुकडा सोडून रंग दिला.
हौद्याच्या फटीत गूळ निघाला,
काळा, काचेसारखा, कुठल्या सालचा कळेना.
मुंग्यांना पत्ता ठाऊक होता.

मग हौद्यावर खोली.
एसटीच्या भंगारातल्या चार खिडक्या,
वर पत्रा, आतनं थर्माकोल,
दोन फळ्या झोपायला, खाली पाण्याची टाकी.
ओट्याची उंची तेवढी ठरेना.
पद्मावती आली, पिठाच्या हातानं
पत्र्यावर रेघ ओढली. "हितं."
टेप लावला.
म्हणजे घरातला ओटा दोन इंच उंच.
छत्तीस वर्षं ती टाचा उचलून भाकरी थापत होती
आणि मी मापाचा माणूस.

आरटीओत कारकून म्हणाला,
"माल वाहणार?"
नाही.
"प्रवासी?"
दोघंच. नवराबायको.
"मग जाणार कुठं?"
कुठं नाही. गाडी अंगणातच असणार.
त्यानं पेन खाली ठेवलं.

फाल्गुनात चालू झाली.
लाईनीतली हवा काढून काढून दस्तगीरचा अंगठा सुजला.
"मार," तो म्हणाला. मारला.
काळा धूर, मग पांढरा, मग काहीच नाही,
मग पायाखालची फरशी थरथरली
आणि शेजारच्या बाळगोंडाची कोंबडी
भिंतीवरनं उडाली ती परत आलीच नाही.
तिचे पैसे द्यावे लागले.

भिंतीवर पाण्याची रेघ आहे आमच्या घरात.
छातीला लागते. दोनदा चुना दिला, वर येते.
त्या रात्री मीच म्हणालो होतो,
"आदल्या वेळी पायरीला टेकून गेलं, आताही जाईल."
पहाटे दावी कापायला गोठ्यात उतरलो
तर विळा हातात, आणि दावं
पाण्याखाली सापडेना.
चार होत्या.
एक आंबेवाडीच्या अंगाला पोहत गेली म्हणतात.

किल्लीसाठी खिळा ठोकला मी,
रेघेच्या वर एक वीत, मापून.
पद्मावतीनं किल्ली काढली, कमरेला खोचली.
"निघायचं कधी, ते मी ठरवणार."
खिळा तसाच आहे.
रविवारी इंजिन तापवायला
मी तिच्यापुढं हात पसरतो.
ती देते. दारात उभी राहते,
पूर्ण वीस मिनिटं, आवाज ऐकत,
मग हात पुढं करते.