अभिप्रायाची वही

सहल चौथी ते सातवीची, त्रेचाळीस पोट्टे,
पडोळे गुरुजी, एक मॅडम, अन् मी,
कारण मसालेभाताचा ड्रम कोण सांभाळीन?
यादीत माहं नाव नव्हतं.
ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर
ड्रम अन् मी, शेजारी शेजारी, दोघंही गरम.

आधी किल्ला पायला.
नदीकडचा परकोट, अर्धा बाभळीत.
दरवाज्यात वटवाघळाचा वास
अन् निळा बोर्ड. काय काय करू नये ते मोठ्या अक्षरात,
बांधला कोणी ते खाली, गंजलेल्या कोपऱ्यात.
लोमेश म्हणे, "गुरुजी, राजा कुठं बसे?"
"इथंच कुठंतरी," गुरुजी म्हणे, अन् रुमालानं मान पुसली.
टिकेश्वरी भिंतीचे दगड मोजत होती,
एकशे बारापर्यंत आली,
मंग बकऱ्या आल्या मधात, गणती मोडली.

मंग म्युझियम.
पंचायतीचं जुनं गोदाम, तीन खोल्या.
स्टुलावर उईके नावाचा मानूस,
"हात लावू नका," त्यानं सांगून टाकलं
आम्ही चपला काढाव की नाई हे इचारत होतो तेव्हाच.
मुंडकं तुटलेले देव होते. एका ट्रेमधी नुसते हात.
काचेत नाणे, लाखोळीच्या दाण्याएवढे.
पोट्टे पंख्याखाली जमले.

तिसऱ्या खोलीत, जमिनीवर, दोरीच्या मागं
चार पायाचा पाटा.
चिठ्ठी होती: पाटा. दगड. उत्खननात प्राप्त.
वरवंटा उपलब्ध नाही.
मले हसू आलं.
पाट्यावर लिवाव लागते काय, पाटा म्हून?

मंग खाली बसली मी, गुडघे दुखत होते तसंही.
बसल्यावर दिसलं.
इकडचे दोन पाय आखूड,
म्हणजे उतार माह्याकडं,
म्हणजे वाटणारी बाई इकडून नाई बसत.
ते बसे तिकडून, भिंतीले पाठ लावून.
तोंड माह्याकडं.

दगड मधात खोल गेला होता, सगळेच जातात,
पण एका अंगानं जास्त खाल्लेला,
माह्या उजव्या अंगानं.
मी हवेतच वरवंटा धरला,
मनातल्या मनात उठून तिच्या जागी गेली.
तिचा डावा.

माहा पाटा असाच आहे. सासू म्हणे,
"दुर्पता, पाटा वाकडा करून टाकला वो तू."
एका पंगतीत डाव्या हातानं वाढलं
तर पाव्हणा ताटावरून उठला, वांग्याची भाजी टाकून.
शाळेत त्याच हातावर पट्टी.
उजव्यानं माहे अक्षर झोपून जात,
तिसरीनंतर मीच गेली नाई.

उईकेले सांगितलं, "भाऊ, बाई डावखुरी होती."
"कोन बाई?"
"ह्या पाट्याची."
त्यानं चिठ्ठी वाचली, रोजचीच असन त्याच्या,
मंग पाटा पायला, मंग माहा हात.
हसला नाई.
"साहेब महिन्यातून एकदा येते.
वहीत लिवून ठेवा."

वहीत: छान. छान. फार छान.
पिण्याच्या पाण्याची सोय करावी.
लोमेशनं बंदूक काढून ठेवली होती.
बाहेर हॉर्न. मॅडम मोजून रायल्या,
बेचाळीस म्हणे, पुन्हा बेचाळीस.
टिकेश्वरी माह्यामागं उभी होती,
"काकी, तुमी उलट्या हातानं लिवता?"
"हो. तू कोणाले सांगू नको," म्हटलं,
मंग म्हटलं, "सांग. सांगून दे."

नाव: दुर्पता नेवारे.
धंदा: शाळेत सैंपाक.
अभिप्राय: बाई डावखुरी होती.
सूचना: वरवंटा तिथंच शोधा, घराच्या आतच,
तो कोणी दुसऱ्याच्या घरी ठेवत नाई.