सुपडू, सुपडु, सुपडा

धुळ्याच्या सिव्हिलला मी रुजू झाले
तेव्हा मरणाची नोंद लाल कापडी बांधणीच्या वहीत व्हायची.
वहीला वाळवी लागली
की माणसं दुसऱ्यांदा जायची.

सुपडू आप्पा तेव्हाही होता.
कवटीला करवत लावण्याआधी
प्रेताच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटायचा.
सहा वर्षांनी विचारलं, तेव्हा म्हणाला,
‘काही नही बाई. सांगस त्याले, आते दुखाव नही.’

तोवर मी मेंदूचं वजन ग्रॅममध्ये
आणि यकृताचा रंग तीन विशेषणांत सांगायला शिकले होते.
हे वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं, ते कळेना.

मग संगणक आला.
मे महिन्यात वाळ्याची ताटी लागली ती त्याच्या खोलीला;
पलीकडच्या खोलीत बर्फाच्या लाद्या,
त्याही दुपारपर्यंतच.
नसरीन पिंजारी टाइप करी, मी वाचून दाखवी:
वय, लिंग, गाव, कारण.
कारणांची यादी वरून आलेली.
बुडून मरायला त्यात समुद्र होता,
पोहण्याचा तलाव होता, न्हाणीतला टब होता.
विहीर नव्हती.
‘इतर दाबा,’ फोनवरचा आवाज म्हणाला.
दाबत राहिलो.
वर्षअखेर पाहिलं तर आमचा अर्धा तालुका
‘इतर’मध्ये बुडालेला.

रात्री जागून मी कोष्टकं बांधायला शिकले.
विहीर घातली.
मग विहिरीला पायऱ्या होत्या का, हे घालावं लागलं,
घागर सापडली का,
बांगड्या फुटलेल्या होत्या का.
हा शेवटचा रकाना वरिष्ठांनी काढून टाकला.
मी तो ‘शेरा’ या नावानं परत ठेवला.
पाणी बांगड्या फोडत नाही,
एवढंच माझं शास्त्र.

फुरशांचेही ठिपके काढले नकाशावर,
सातपुड्याच्या पायथ्याशी नुसती पुरळ उठलेली.
नकाशा दाखवून लशीच्या कुप्या मागितल्या.
फ्रिज आला.
वीज पुढच्या वर्षी येणार होती.

पण खरा घोळ नावांचा.
सुपडू, सुपडु, सुपडा:
यंत्र विचारी, हा एकच माणूस का?
पुसून एक करू का?
त्याला कसं सांगायचं
की आधीची पोरं गेली की आमच्याकडे
नव्याला सुपात घालून ओढतात,
उकिरड्यावर क्षणभर ठेवतात,
मूठभर दाण्यांना विकून परत विकत घेतात,
यमाला वाटावं की टाकाऊ आहे, राहू दे.
उकर्डू, दगडू, झिपरू, भिका.
आयांनी मरणाला दिलेले ते खोटे पत्ते.
आणि मी ते वर्णानुक्रमे लावत बसलेली.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी आप्पा आत आला.
हात पुसलेले, तरी फॉर्मलिनचा वास.
‘बाई, मन्हं नाव टाकी दखा.’
नसरीननं टाकलं. तिन्ही स्पेलिंगं.
एकेचाळीस निघाले.
बापाचं नाव वेगळं, गाव वेगळं,
कुणी मोटारीच्या स्टार्टरला चिकटलेला,
कुणी रुळांवर, दोन नुसतेच ‘अज्ञात’.
बोट लावून तो एकेक ओळ उतरत गेला,
मधेच थांबे, ‘हाऊ माले याद शे,’ म्हणे,
पुढे जाई.

खाली चौकट लुकलुकत होती:
सारख्या नोंदी एकत्र करायच्या?
मी ‘नाही’ दाबलं.

‘मी यामा नही शे ना?’
‘नाही आप्पा,’ नसरीन म्हणाली.
त्यानं पडद्याकडे परत एकदा पाहिलं,
उधारी फिटल्याची खात्री करावी तसं.
‘मंग चहा सांगू?’