पटलं तर

एकतीस वर्षं मी परवाना खात्यात बसलो.
खिडकी क्रमांक चार, पंख्याच्या खाली नाही, जरा बाजूला.
जांभळ्या शाईचं पॅड, लाकडी मुठीचा शिक्का,
त्यावर उलटा कोरलेला एकच शब्द,
कागदावर सरळ उमटायचा: नामंजूर.

भायखळ्याच्या एका म्हातारीला
स्वतःच्या ओट्यावर पापड वाळवून विकायचे होते.
मी विचारलं, ओटा कुणाचा, कागद आहे?
ती म्हणाली, पीठ माझं, ओटा माझा,
ऊन कुणाचं ते तू सांग.
मी अर्ज पुढच्या टेबलावर सरकवला.
अजून तिथंच असेल.

निवृत्त झाल्यावर घोडपदेवला
सुलभा हडकरच्या शिवणाच्या दुकानात जाऊ लागलो.
पहिल्या रविवारी तिथं भिशी असते.
माझ्यासह सतरा जण, महिना तीन हजार.
नोंदणी नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही.
बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या,
काढायला इस्त्रीवाल्याची पोर, झोपेतून उठवलेली.
नियम कुठं लिहिलेत? मी पहिल्याच दिवशी विचारलं. सवय.
रेहमतबी म्हणाली,
"साहेब, पटलं तर बसा,
नाही पटलं तर पोहे खाऊन जा."

माझ्या खात्याच्या एकाही पुस्तकात
हे वाक्य नव्हतं.
नाही पटलं तर जा.
मला कुणी विचारलं होतं कधी?
जन्मलो, नाव रजिस्टरात चढलं,
तेव्हापासून कशाकशाला होकार दिलाय
याची यादी माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे.
सही दाखवा म्हटलं तर म्हणतात,
इथं राहतोस ना, तीच सही.
म्हणजे श्वास घेतला की अंगठा उठला.

तसा मी भोळा नाही.
रात्री अडीचला आमच्या मजल्यावर आग लागली
तेव्हा बंब आला, सरकारीच होता.
शिडी चढणाऱ्या पोराला मी विचारलं नाही,
तू हुकमानं चढतोस की आतून काही चढवतं.
विचारायला हवं होतं.

तिसऱ्या महिन्यात डाबरेची चिठ्ठी निघाली.
एक्कावन्न हजार घेऊन तो गेला, तो गेलाच.
खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं.
आता कळेल यांना, कलम लागतं, दंड लागतो.
घरी बसून तक्रारीचा मसुदा केला, चार प्रतींत.
सुलभानं तो वाचला, उलटा केला,
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर
कुणाच्या तरी कॉलरचं माप आखलं.

डाबरेचा हप्ता सोळा जणांनी वाटून घेतला, कुरकुरत.
माणशी एकशे अठ्ठ्याऐंशी, हिशेब मीच काढून दिला.
त्याला कुणी शोधलं नाही.
फक्त चहाचे ग्लास सतराच येत राहिले,
एक दर वेळी निवून जायचा.

आठ महिन्यांनी तो आला.
औषधाच्या दुकानाची पिशवी, तीत सात हजार.
बायकोच्या किडनीचं काही बोलला, अर्धं गिळलं.
माफ असं कुणी केलं नाही.
रेहमतबीनं नोटा मोजल्या, दोनदा.
उमरजी तर भिंतीकडे तोंड करून बसले.
"बाकीचे दर महिन्याला," डाबरे म्हणाला,
"लिहून देतो. सही कुठं करू?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
सही कुठं करायची हे
त्या खोलीत मलाच ठाऊक.
पेन खिशातच होतं, टोपण सैल.

मी म्हणालो, बस आधी,
पोहे संपतील.

अजून नऊ हजार यायचेत.
येतील. किंवा नाही.